सुतकातला रिपोर्ट

११ फेब्रुवारी. सुतकातल्या गोधड्या धुवायला काढल्या. सासऱ्यांचा तेरावा परवाच झाला, पण पाण्याचा टँकर आज आला. गोधड्या तुडवत होते तेव्हा थोरल्या नणंदेचा कडा गावाहून फोन आला. उद्या गोड जेवायला या. तेराव्यानंतर जवळच्या सोयऱ्यांनी बोलावून तोंड गोड करायचं, ही आमच्याकडची रीत.

मी म्हणाले, "आक्का, येतो. पण ह्यांना गोड चालत न्हाई."

"एका घासानं काय व्हतंय गं," म्हणून तिनं फोन ठेवला.

काय होतं ते मी पाहिलंय. दिवाळीनंतर माझे यजमान पोट धरून अंगणात आडवे झाले होते. बीडच्या दवाखान्यात रक्त काढलं, तर नळीत वर दुधासारखा थर आला. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी. ती दीडशेच्या आत हवी, यांची हजाराच्या वर. त्यानं स्वादुपिंडाला सूज आली होती. पुन्हा अशी सूज आली तर जिवावर बेतेल, हे डॉक्टरांनी यांच्या तोंडावर सांगितलं.

घरादारानं दोष माझ्या फोडणीला दिला. डॉक्टर म्हणाले, तेल कमी कराच, पण खरी भर साखर, गूळ, मैदा आणि दारूची. गरजेपेक्षा जास्त झालं की शरीर त्याचीही चरबी करतं. गोळी नेमानं घ्या आणि रोज चाला.

हे चालले ते पानटपरीपर्यंत. दर घरी चहा, दर चहात दोन चमचे साखर, आणि संध्याकाळी "थोडीशी". दोनदा रक्त तपासलं, आकडा फारसा हलला नाही.

मग सासरे, म्हणजे आबा, गेले. घरात कढई चढली नाही, गोड शिजलं नाही. थोरला मुलगा म्हणून हे क्रियेला बसलेले; दिवसभर माणसांची ये-जा, त्यामुळे प्यायची सोय नव्हती. शेजारणी भाकरी आणि पिठलं आणून देत. चहा मी बिनसाखरेचा केला. सुतकात तक्रार कोण करणार? तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी यांना उपाशीपोटी बीडला नेलं. आकडा तीनशेच्या खाली आला होता.

"काय केलंत?" डॉक्टरांनी खुशीत विचारलं.

"सासरे वारले," मी म्हणाले.

ते खाली बघून गोळ्या लिहायला लागले.

१२ फेब्रुवारी. कड्याला पंगतीत पुरणपोळी, गुळवणी, भजी. मी यांच्यासाठी भाकरी मागितली. दाजी, म्हणजे नणंदेचे मालक, वाढायचे थांबले. "आल्या बघा डॉक्टरीणबाई. अवो, आबा जन्मभर गूळ खाऊन पंच्याऐंशीला गेले."

"आबा नांगरामागं चालत होते," मी म्हणाले. "हे टपरीवर बसतात."

पंगत हसली. नणंद हसली नाही. "सुतक फिटू दे की बाई. कावून अडवतीस? बापाच्या नावाचा घास हाय."

मी यांच्याकडे बघितलं. दवाखान्यात माझं मनगट धरून हेच म्हणाले होते, आता तू सांगशील तसं. आता म्हणाले, "लोक नावं ठेवतील," आणि पोळी मोडली. पहिली, दुसरी, मग तिसरीवर गुळवणी. जेवण झाल्यावर दाजींबरोबर रान बघायला गेले ते डोळे तांबडे करून आले.

परतीच्या जीपमध्ये म्हणाले, "पाहुण्याचं मन मोडता येतं का?"

ढेकर देऊन त्यांनी पुढची आमंत्रणं सांगितली. लिंबागणेशला चुलतभाऊ, बीडला मामा, आष्टीकडे दोन घरं. सगळीकडे पुरण आणि जेवणानंतर रान. या माणसाला बायकोची भीती नाही, डॉक्टरची नाही, पोटातल्या त्या कळेचीही उरली नाही. भीती फक्त लोकांची. तीस वर्षं मी त्याच लोकांसाठी पोळ्या लाटल्या. जीप घरापाशी येईपर्यंत काय करायचं ते माझं ठरलं होतं. गेलेल्या माणसाच्या नावानं आवडीची वस्तू सोडायची, हीही आमचीच रीत.

१३ फेब्रुवारी. सकाळी हे अंगणात दात घासत होते. मी उंबऱ्यात बसून नणंदेला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"आक्का, तुमच्या भावानं आबांच्या नावानं गोड आन् दारू सोडली. वर्षश्राद्धापर्यंत. काल तुमच्या घरचं ते शेवटचं."

ब्रश थांबला. हे माझ्याकडे बघत राहिले, तोंडाला फेस तसाच. नाही म्हणायचं तर बापाच्या नावाला नाही म्हणायचं, तेही बहिणीच्या कानावर.

पलीकडे नणंद मुसमुसायला लागली. "आबांवर लई जीव गं त्याचा. मी साऱ्या पाहुण्यांत सांगते."

"सांगा," मी म्हणाले आणि लिंबागणेशचा नंबर लावला.