सव्वा फेरा

नवरा गेल्यावर दीड महिन्याने मी त्याच्या ठेकेदाराकडे कामाला लागले. नवरा फिटर होता. मला स्टोअरमध्ये घेतलं. रोह्याजवळ धाटावच्या एका कारखान्यात नवा विभाग उभा राहत होता आणि तिथली मशिनरी बसवायचं काम आमच्या ठेकेदाराकडे होतं. ठेकेदाराचा सुपरवायझर गडब गावात आमच्या घरी भेटायला आला, तेव्हा म्हणाला, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात. स्टोअरची वही सांभाळाल?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "जा गो. घरात बसून काय करनार हायेस?"

म्हणून गेले. सकाळी कासू स्टेशनवर गाडीत बसायचं, रोह्याला उतरायचं, तिथून टमटम. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. नवऱ्याला भाताच्या लावणीत ताप भरला. आधी साधाच वाटला, मग डोळे पिवळे झाले, पेणच्या दवाखान्यात नेलं, दहाव्या दिवशी तो गेला. लेप्टो, असं डॉक्टर म्हणाले. लोक मला रड म्हणत होते. रडू येत नव्हतं, यालाही मी काही करू शकत नव्हते.

स्टोअर म्हणजे पत्र्याची लांब शेड. तिच्यात पाइप, नटबोल्ट, केबलची रिळं, आणि एका बाजूला दोन मोठे ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारे पंखे. माझ्या डोक्याच्या वर हातभर उंच, गोगलगाईच्या पाठीसारखे गोल. पावसामुळे त्यांची फाउंडेशनं रखडली होती, म्हणून खाली जाड लाकडी स्लीपर घालून ते जमिनीपासून उचलून ठेवले होते. तोंडं प्लायवूडने बंद, वर ताडपत्री.

पहिल्याच सोमवारी पेणकडचे एक म्हातारे रिगर काका मला तिथे घेऊन गेले. अवजड माल उचलण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"बाय, हे नुसतं ठेवून चालत नाय," ते म्हणाले. "दर सोमवारी शाफ्ट हातानं फिरवायचा. एक पुरा फेरा आनि वर पाव."

"वर पाव कशाला?"

"पुरा एकच फेरा मारलास तर चाक परत व्हतं तिथंच येऊन थांबंल. बेरिंगमधले रोलर एकाच जागी बसून राहिले तर तिथं डाग पडतात. मंग चालू केल्यावर आवाज करतं."

त्यांनी शाफ्टवर, म्हणजे चाकाच्या बाहेर आलेल्या दांड्यावर, खडूने रेघ मारली. मी दोन्ही हातांनी शाफ्ट धरला. आधी हलेना, मग आतलं चाक सावकाश फिरायला लागलं. सव्वा फेरा झाला की रेघेची नवी जागा वहीत लिहायची आणि सही करायची.

सही करायला वही उघडली तर मागच्या पानांवर नवऱ्याच्या सह्या होत्या. हे काम आधी तोच करायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याची सही मला ठाऊक होती, खाली एक आखूड रेघ आणि रेघेखाली एकच टिंब. पानं उलटत मी खाली आले. शेवटच्या आठ सोमवारांच्या सह्यांना दोन टिंबं होती. तारखा पाहिल्या. पहिल्या दोन सोमवारी तो पेणला खाटेवर होता. उरलेल्या सहा सोमवारी तो नव्हताच.

मला सगळं कळलं, शाफ्ट आधी का हलत नव्हता तेसुद्धा. शाफ्ट कुणी फिरवला नव्हता आणि वही रिकामी दिसू नये म्हणून त्याच्या नावाने सह्या केल्या होत्या. अक्षर सुपरवायझरचं होतं, मालाच्या चलनांवर मी ते आल्या दिवसापासून बघत होते. तरी मी त्याखाली माझी सही केली, वही मिटली आणि डबा खायला गेले.

दिवाळी होईपर्यंत मी दर सोमवारी दोन्ही ब्लोअर फिरवले. एकही सोमवार चुकवला नाही. त्यात निष्ठा वगैरे नव्हती. सोमवार यायचा, मी फिरवायचे.

दिवाळीनंतर फाउंडेशन तयार झालं. क्रेनने ब्लोअर उचलले, पातळ पत्र्याचे तुकडे खाली सरकवून लेव्हल जुळवली, बोल्ट आवळले, मोटारीशी जोडले. चालू करायला ब्लोअर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर आले. नारळ फोडला. पहिला ब्लोअर सुरळीत फिरला. दुसरा, शेडच्या ओल्या कडेला असलेला, घरघरायला लागला. इंजिनिअरनी बेरिंगच्या बाहेरच्या कवचावर हात ठेवला आणि लगेच बंद करायला सांगितलं.

बेरिंग उघडलं. आतल्या कड्यावर सारख्या अंतराने काळपट डाग होते. इंजिनिअर म्हणाले, "हा बरेच आठवडे एकाच जागी उभा होता. वही आणा."

वही मीच नेली. सुपरवायझर माझ्या आधी बोलला, "साहेब, पावसाळ्यात आमचा जुना फिटर बघायचा. सह्या आहेत त्याच्या. त्यानं न फिरवता सह्या मारल्या असतील. आता तो हयात नाही, कुणाला विचारणार?"

माझ्याकडे न बघता तो हे बोलला. मला राग यायला हवा होता. आला नाही. दुसऱ्याच कुणाच्या घरातलं ऐकावं तसं ऐकलं. तरी तोंडातून शब्द गेले.

"त्या तारखांना ते पेणच्या दवाखान्यात होते. आणि शेवटच्या सह्यांच्या वेळी त्यांचं दिवसकार्यसुद्धा झालं होतं."

इंजिनिअरनी तारखा बघितल्या. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायको."

रिगर काकांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. मग इंजिनिअर शांतपणे म्हणाले, "ताई, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही? तेव्हाच बेरिंग उघडून बघता आलं असतं."

कारण द्यायचं तर तेवढं काही वाटावं लागतं, असं आता वाटतं. मी म्हटलं, "नाही सांगितलं," आणि त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

नवीन बेरिंग यायला पंधरा दिवस लागले. ते बसल्यावर ब्लोअर नीट चालला. सुपरवायझरला दुसऱ्या साइटवर पाठवलं. जायच्या दिवशी तो स्टोअरच्या दारात आला आणि म्हणाला, "वहिनी, वही पूर्ण दिसावी एवढंच होतं मनात. त्याला बदनाम करायचं नव्हतं." ते खरं असावं. मी त्याच्याकडून हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट परत घेतला आणि त्याने सही केली.

ज्या दिवशी बेरिंग उघडून वही बघितली, त्या संध्याकाळी मी सासूबाईंना सांगितलं. त्या पाटावर बसून वाल सोलत होत्या. ऐकता ऐकता हात थांबले, पदर तोंडाला लावून त्या खूप रडल्या. "माज्या पोरावर आळ घातलानी गो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. त्यांचं रडणं थांबल्यावर उरलेले वाल मी सोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी कासूला जाऊन गाडी पकडली.