अकराव्या भागातला "हो जी"

सरांचा ऑनलाइन कोर्स अजून नेटवर आहे. दहावीचं बीजगणित, एकूण तीस भाग. अकरावा भाग लावला तर शेवटाकडे सर फळ्याकडून वळतात, कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे बघतात आणि विचारतात, "कळलं?" पडद्याबाहेरून एका बाईचा आवाज येतो, "हो जी." सर हसतात आणि पुढे जातात.

तो आवाज माझा आहे. आणि मला काहीही कळलेलं नव्हतं.

मी गडचिरोलीकडची. आमच्याकडे मोठ्या माणसाला उत्तर देताना शेवटी "जी" लावतात, आणि उत्तर बहुधा "हो"च असतं. सातवीपर्यंतची शाळा गावात होती, आठवीची नदीपलीकडे. पावसाळ्यात नाव बंद झाली की शाळा बंद. असं करत आठवीच्या मध्येच माझी शाळा सुटली ती सुटलीच. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला, हातात पुस्तक धरलेला फोटो होता, त्याच्यापुढे रोज मेणबत्ती लागायची. त्या फोटोच्या घरातून मी शाळा सोडली, हे मनात टोचत राहिलं.

लग्नानंतर पुण्याला आले. नवरा मांजरीला नव्या सोसायट्यांमध्ये फरशा बसवायचा. आमची खोली उसाला लागून. मला काम मिळालं सदाशिव पेठेत, सरांच्या गणिताच्या क्लासमध्ये. सकाळी हॉल उघडायचा, झाडायचा, फळा ओल्या फडक्यानं पुसायचा, पाणी भरायचं. पहिल्या दिवशी सरांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि हॉलची किल्ली माझ्या हातात दिली. त्या "बरं"मध्ये काय होतं, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. काही नसेलही. पण अनोळखी बाईच्या हातात किल्ली दिली हे खरं, आणि ते मी विसरले नाही.

हॉलला दोन जिने होते, पुढचा रस्त्यावरून, मागचा बोळातून. मागच्यानं यायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून मीच मागच्यानं येत होते.

सरांची शिकवायची एक रीत होती. फळ्यावर एक पायरी लिहायची, खडू खाली ठेवायचा, वळायचं आणि विचारायचं, "कळलं?" सगळ्या मुलांचा "हो सर" आल्याशिवाय पुढची पायरी नाही. एखादा गप्प असेल तर तो नेमका सापडायचा. "काय हो राजे, तुमचा होकार टपालानं येणार आहे का?" मुलं हसायची, तो राजाही हसायचा, आणि सर पुन्हा पहिल्या पायरीवर जायचे. कंटाळायचे नाहीत. मी दाराशी बादली घेऊन उभी राहून ऐकायची.

मग मोबाइलवर नेट स्वस्त झालं आणि बाकं रिकामी पडायला लागली. मुलं घरी बसून ॲपवर शिकू लागली. ज्या बाकांवर चार-चार बसायची तिथे एक-एक. मी मात्र सगळी बाकं पुसायची. कोणी न बसलेली बाकं पुसताना मनात एकच यायचं, क्लास गेला तर माझं काम गेलं. ओळखीच्या एका बाईनं सांगितलं होतं, दवाखान्यात आयाची कायमची जागा निघते, पण दहावी पास लागते. मी कुठली दहावी पास.

सरांचा पुतण्या हिंजवडीला आयटीत होता. तो एका शनिवारी आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही स्वतःचा कोर्स काढा. तुमच्यासारखं कोण शिकवतं?"

"कोणीच नाही. म्हणून तर मुलं तिकडे गेली," सर म्हणाले.

पण ऐकलं त्यांनी. पुतण्यानं सांगितलं ते सगळं केलं. आधी भागांची यादी करायची, एका भागात एकच गोष्ट, दहा मिनिटांच्या वर जायचं नाही. सरांनी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर तीस भाग लिहून काढले. स्टुलावर जुन्या प्रश्नसंचांची चळत रचली, तिच्यावर मोबाइल उभा केला. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, खाली स्कूटरवाले भोंगे वाजवतात म्हणून खिडक्या बंद. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पहिली पायरी लिहिली, खडू ठेवला, वळले, "कळलं?" म्हणाले.

आणि थांबले.

पुतण्या खुणा करत होता, पुढे जा, पुढे जा. सर मोबाइलकडे बघत उभे.

"अहो काका, चालू आहे ते!"

"कोणाला विचारून पुढे जाऊ?"

"विचारायचंच नाही ना. बोलत राहायचं."

"मग मी रेडिओ झालो."

तीनदा केलं, तीनदा तिथंच अडलं. तीस वर्षांची सवय होती, समोरून होकार आल्याशिवाय जीभच उचलेना. शेवटी सरांचं लक्ष दाराकडे गेलं.

"अहो बाई, तुमची दहावी झालेली नाही ना?"

"नाही जी. आठवी अर्धी."

"उत्तम. इथे पुढच्या बाकावर बसा. तुम्हाला कळलं तर पुण्यातल्या कुठल्याही गाढवाला कळेल."

सर असंच बोलायचे. मला राग आला नाही. त्या बाकावर मी पहिल्यांदाच बसले. आजवर फक्त पुसलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सरांनी सतरा नंबरचा फॉर्म आणला, शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसतात तो, आणि स्वतःच्या अक्षरात भरला. "फुकट बसू नका. मार्चमध्ये परीक्षा द्या. बाकीचे विषय पाठ करा, गणित माझ्याकडे लागलं." मी फॉर्मवर सही केली.

सुरुवातीचे भाग फार चांगले झाले. सरांनी अगदी मुळापासून धरलं होतं. "कळलं?" म्हटलं की मी खरं ते सांगायची. "नाही जी" म्हटलं की सर कपाळाला हात लावायचे, पुतण्या "कट" म्हणायचा, आणि सर दुसरं काहीतरी शोधून काढायचे. दोन अज्ञात संख्या त्यांनी मला मांजरीच्या बसमध्ये चढवून शिकवल्या. किती बायका, किती पुरुष. दहाव्या भागापर्यंत मी स्वप्नातसुद्धा उदाहरणं सोडवायची. बाई माणसाला एवढा आनंद कसला होतो, असं नवरा विचारायचा.

अकरावा भाग वर्गसमीकरणाचा. क्षचा वर्ग, वजा सात क्ष, अधिक बारा, बरोबर शून्य. सरांनी फोड केली, दोन कंस केले, आणि लिहिलं, क्ष बरोबर तीन किंवा क्ष बरोबर चार.

"कळलं?"

"नाही जी."

"काय नाही?"

"क्ष एकच आहे. मग उत्तरं दोन कशी?"

सरांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांचा घसा बसला होता, बंद खिडक्यांमुळे शर्ट पाठीला चिकटला होता. पुतण्या घड्याळ बघत म्हणाला, "मावशी, थोडं ॲडजस्ट करा ना. माझा एकच शनिवार असतो." सरांनी खडू ठेवला, माझ्याकडे बघितलं. विचारलंसुद्धा नाही जोरात. "कळलं?"

ज्यांनी किल्ली दिली, फॉर्म भरला, बाकावर बसवलं, त्यांना तिसऱ्यांदा नाही कसं म्हणायचं? या बाईला डोकंच नाही असं त्यांना वाटलं तर? उठवलं तर?

"हो जी."

सरांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर खरंच कळल्यासारखं वाटलं. "बघ," ते पुतण्याला म्हणाले, "आठवी अर्धी, आणि कळलं."

पुढचे एकोणीस भाग त्या अकराव्यावर उभे होते. म्हणून पुढे एकोणीस भाग मी "हो जी" म्हणत गेले. सर भराभर पुढे जात होते. पुतण्या म्हणायचा, "मावशी, आता तुम्ही सेट झालात."

कोर्स नेटवर गेला. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आपापल्या मुलांना लावून दिला. महिन्याभरानं पुतण्या लॅपटॉप घेऊन आला आणि पडद्यावरची एक रेघ दाखवली. दहाव्या भागापर्यंत रेघ सरळ जात होती, अकराव्यापाशी खाली पडली होती.

"काका, इथे सगळे ड्रॉप होतात. खाली लिहितायत पण, समजलं नाही म्हणून."

सरांनी चष्मा लावून बराच वेळ ती रेघ बघितली. मग मान वळवून मला विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना हो?"

मी बाक पुसत होते. तेव्हा सांगता आलं असतं. एका शनिवारचं काम होतं. एक भाग पुन्हा घेतला असता, पुढचे तपासले असते.

"हो जी," मी म्हणाले.

"मग दोष मुलांचा आहे," सर म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला. "बाईंना कळतं, यांना कळत नाही. जाऊ द्या. यांना शिकायचंच नाहीये."

त्यानंतर सरांनी नवीन काही केलं नाही. भूमितीचा कोर्स ठरला होता, त्याच्या याद्या लग्नपत्रिकांवरच राहिल्या. दिवाळीनंतर हॉल अभ्यासिकेला दिला. स्पर्धा परीक्षेची मुलं लाकडी खोक्यांत माना घालून बसू लागली. फळा मागच्या बोळाकडच्या भिंतीला टेकवून ठेवला. मला झाडायला ठेवलं. तेही सरांच्याच शब्दावर.

मार्चमध्ये परीक्षा दिली. बाकीचे विषय सुटले, गणित राहिलं. निकालाचा कागद घेऊन मी सरांच्या घरी गेले. त्यांनी प्रश्नपत्रिका मागितली आणि एका प्रश्नावर बोट ठेवलं. "हे सोडवा. माझ्यासमोर."

वर्गसमीकरण होतं. मी फोड पाठ केली होती, दोन कंस केले, पहिलं उत्तर लिहिलं. दुसरं लिहिलं आणि खोडलं.

"खोडलं का?"

"एकाला दोन उत्तरं कशी देऊ, सर? परीक्षेतही एकच ठेवलं."

सरांनी कागद जवळ ओढून तो खोडलेला आकडा वाचला.

"म्हणजे अकरावा भाग मी भिंतीला शिकवला."

मी निकालाच्या कागदाची घडी घातली.

"भिंत बरी हो. भिंत हो जी म्हणत नाही."

मी रडले नाही. रडले असते तर त्यांनी सोडून दिलं असतं, आणि मला सोडून दिलेलं नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासिका उघडायच्या आधी ते आले. मागच्या भिंतीशी ठेवलेल्या फळ्यापाशी मला उभं केलं आणि खडू माझ्याच हातात दिला. मी चारदा "नाही जी" म्हणाले. मोजत होते ते. पाचव्यांदा त्यांनी फळा सोडला आणि विचारलं, "या हॉलला जिने किती?"

"दोन."

"मी कुठून येतो?"

"पुढून."

"तुम्ही?"

"मागून जी."

"पोचतो कुठे?"

"इथंच."

"मग क्षनं काय पाप केलंय? प्रश्न एवढाच, शून्यावर पोचायचं कुठून. तीनवरून पोचता येतं, चारवरूनही येतं. दोन्ही लिहायचे. एक खोडायचा नाही." मग म्हणाले, "आणि मागच्या जिन्यानं का येता हो तुम्ही इतकी वर्षं?"

मी फळ्याकडे वळले आणि दोन्ही आकडे लिहिले. गणित कळलं. एका क्षणात, खाडकन, मग पुढचं सगळं भराभर.

मी म्हणाले, "सर, हे मोबाइलमध्ये घेऊ या का? अकराव्याच्या जागी टाकता येईल."

"नको," ते म्हणाले. "आता कोणाच्या होकारावर पुढे जाऊ?"

जुलैच्या फेरपरीक्षेत पास झाले. आता दवाखान्यात आहे, कायम. सरांनीच अर्ज तपासून दिला. त्यांनी फळ्याला पुन्हा हात लावला नाही. तो भाग चांगला शिकवला गेला तो एकदाच, बोळाकडच्या भिंतीपाशी, एका बाईला.

डब्याच्या सुट्टीत मी कधीकधी अकरावा भाग उघडते. खाली मुलं अजून लिहितात. "क्ष एकच आहे तर उत्तरं दोन कशी?" एका मुलीनं अगदी माझ्याच शब्दांत विचारलंय. मला उत्तर येतं. दोन ओळींत लिहिता येईल. बोट अक्षरांवर नेते आणि परत आणते. कारण ते लिहायचं तर आधी लिहावं लागेल की, पोरी, पडद्यामागून हो म्हणाली ती मीच.