न हलणारं घर

आमच्या घरात भांडी चालायची. खाली बाबांचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, वर आम्ही. सकाळची शिफ्ट सुरू झाली की फळीवरचे पेले थरथरत पुढे सरकायचे आणि संध्याकाळी आई त्यांना मागे ढकलायची. लाइट जाऊन लूम थांबले की घर आजारी पडल्यासारखं वाटायचं. खाडीलगतच्या या जागेवर बाबांनी स्वतः उभं राहून दगडमातीची भरणी करून घेतली होती, आणि एवढं भक्कम घर भिवंडीत दुसरं नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. मलाही ते मनापासून पटलेलं होतं.

दोन हजारच्या दशकात मी मुंबईला एम.टेक. करत होते. उपग्रहाच्या रडारने शहरातली जमीन किती हलते ते मोजायचं आणि त्या मोजमापावर किती भरवसा ठेवावा ते तपासायचं, हा माझा विषय. मी हट्टाने भिवंडी घेतली. उपग्रह ठरावीक दिवसांनी त्याच भागावरून जातो आणि खाली लहरी सोडतो. परत आलेल्या लहरी आधीच्या लहरींशी ताडून पाहिल्या की मिलिमीटरांतला फरकही कळतो. भातशेतीतून काही हाती लागत नाही, कारण पीक वाढतं, डोलतं. पत्रे आणि स्लॅब मात्र रडारमध्ये झकास चमकतात. मेख एकच. कुठला तरी एक बिंदू हलत नाही असं आधी धरावं लागतं आणि बाकी सगळं त्याच्यापासून मोजायचं असतं. मी आमच्या घराचा पत्रा स्थिर धरला. तो फार छान चमकतो, असं कारण माझ्या गाइड सरांना सांगितलं.

नकाशा तयार झाला आणि त्यात सगळी भिवंडी वर चाललेली दिसली. बाजार, एसटी स्टँड, वडपे गावची गोदामं, सगळंच. तुमच्या गावाला पंख फुटलेत का, असं सरांनी विचारलं. मला भयंकर राग आला. रडारला नावं ठेवली, पावसाळी हवेतल्या बाष्पाला दोष दिला आणि शनिवारी तणतणत घरी आले.

आई भांडी मागे सारत होती. पूर्वी सरळ पुढे येणारे पेले आणि वाट्या आता फळीच्या एका टोकाला, खिडकीच्या कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या. हे कधीपासून, असं मी विचारलं.

"झाली दोनेक वरसं. आता सगली खाडीच्या अंगालाच जातान. बरा हाय, एका जागी गावतान."

तिला त्यात सोय दिसत होती. मी एक पेला फळीवर आडवा ठेवला, तो आपोआप त्याच कोपऱ्याकडे घरंगळला.

सोमवारी मी वडप्याकडचा एक उघडा खडक स्थिर धरून सगळं पुन्हा मोजलं. भिवंडी गुमान जागेवर बसली. खाली चाललं होतं ते आमचं घर. रडार बिचारं खोटं बोललं नव्हतं, मी त्याला सांगितलं त्यावर त्याने विश्वास ठेवला होता.

घरी जाऊन हे सांगितलं, तेव्हा बाबा आधी भडकले. भरणी त्यांनी केलेली, ती आभाळातून कोण तपासणार! मग मी पहिला नकाशा पुढे केला आणि त्यात आमचं घर शून्यावर का होतं, ते लूमच्या आवाजात ओरडून समजावलं. त्यांनी नकाशा जवळ ओढला.

"सगल्या भिवंडीत तुला आपलाच घर गावला?"

"न हलणारं दुसरं काही मला माहीतच नव्हतं, बाबा."

बाबा उठले आणि चालू शिफ्टमध्ये एकेक लूम बंद करत गेले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. घाबरून आई जिन्यात आली. नंतर इंजिनियरने येऊन पायाजवळच्या भेगा दाखवल्या आणि घर रिकामं करायला सांगितलं. लूम भाड्याच्या गाळ्यात गेले, आईबाबा खारबावला काकांच्या शेजारी, पक्क्या जमिनीवर राहायला गेले. बाबांनी पुढे कधीही घराच्या भक्कमपणाचा विषय काढला नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

नव्या घरात काहीच हलेना. आई कावरीबावरी झाली. संध्याकाळी फळीशी जाऊन नुसती उभी राहायची, असं काकू सांगायची. दिवाळीला मी गेले, तर आई नेहमीसारखी पेले मागे सारत होती. हे कसं, ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंघोळीला गेली, आणि बाबा हळूच फळीपाशी जाऊन एकेक पेला बोटभर पुढे ओढून ठेवू लागले.