आमच्या घरातली अमेरिकन बाई

पीएच.डी.साठी मी एक अमेरिकन कादंबरीकार बाई निवडली आणि ती थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. लग्न करून मी गडमुडशिंगीला आले होते. दिवसा कोल्हापूरच्या कॉलेजात तात्पुरती नोकरी, सकाळ-संध्याकाळ म्हशींच्या धारा. मधल्या वेळात मी जागतिक साहित्याचा अभ्यास करणार होते म्हणे!

एकदा भाकऱ्या थापता थापता सासूबाईंनी पुस्तकावरचा फोटो पाहिला. "कोण गं ही?"

सांगायला लागले आणि फसलेच. त्या दिवसापासून रोज पुढचं सांगावं लागे. बाईचा नवरा सोडून गेलेला, पदरात तीन पोरी. कपडे धुण्याच्या दुकानात कामाला होती. मशीन फिरत असायचं तेवढ्यात ती लिहायची. पहिली कादंबरी कितीतरी वर्षं कुणी छापेना.

"नावाजल्यावर नवरा परत आला आसंल की?"

"आला होता. तिनं दारातूनच घालवला."

"बेस केलं," म्हणून सासूबाईंनी भाकरी उलटली.

पुढे पाचेक वर्षांनी मला मुलगी झाली आणि प्रबंधाचे कागद कपाटावर गेले. गाइडनी शेवटची मुदत दिली. आता हे आपल्याच्यानं होत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. घरात कुणाला बोलले नाही.

अशातच पेपरात बातमी आली, की बाईला तिकडचा मोठा पुरस्कार मिळाला. मी ती वाचून दाखवली मात्र, सासूबाई साखरेचा डबा घेऊन गल्लीत बाहेर. आमच्याकडे पैलवान कुस्ती मारून आला की साखर वाटतात, तशी त्यांनी घरोघर वाटली. लोकांनी साखर खाल्ली आणि आपल्या परीनं अर्थ लावला. दोन दिवसांत चौकात तरुण मंडळाचा डिजिटल बोर्ड लागला: 'अमेरिकेचा पुरस्कार मिळवल्याबद्दल वहिनीसाहेबांचे हार्दिक अभिनंदन!' वर लग्नातला माझा मुंडावळ्यांसकट फोटो, खाली गॉगल घातलेले सगळे कार्यकर्ते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तणतणत घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "आत्या, पुरस्कार तिला मिळालाय. मी काय केलंय? माझा प्रबंधसुद्धा व्हायचा नाही आता. सोडलाय मी तो."

त्या माझ्या लेकीला तेल लावत होत्या. त्यांचा हात थांबला.

"का सोडलास?"

"कधी लिहू? तुम्हीच सांगा."

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "त्या बाईच्या मागं कोण न्हवतं. तुझ्या मागं मी हाय की. म्हशी बघतो, पोरगी बघतो. तू लिवायला बस."

मी पदरानं डोळे पुसले आणि कपाटावरचे कागद खाली काढले.