बिनपाठीची खुर्ची

सुतारकाकांच्या कारखान्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर तो फोटो दिसतो. थोरले एका खुर्चीवर ताठ बसले आहेत, चेहऱ्यावर हसू आहे. खुर्चीला पाठ नाही. त्यांच्या मागे फडकं घेऊन उभा असलेला, कडेला अर्धा कापला गेलेला कोवळा माणूस म्हणजे काका. थोरले या भागातले सगळ्यात मोठे पुढारी. लोकांनी कसं बोलावं, कसं राहावं, कशाची लाज बाळगावी हे ज्यांच्याकडे बघून ठरत गेलं, असे.

फोटोमागची हकिकत साधी आहे. थोरले कारखाना बघायला ठरल्यापेक्षा लवकर आले. त्यांच्यासाठी करायला घेतलेली खुर्ची अर्धवट होती. पाठ शिकंज्यात अडकवलेली, चिकटवलेल्या सांध्यांतला सरस वाळत होता. काकांनी घाईने नुसती बैठक पुढे केली. थोरले बसले, सवयीने मागे टेकायला गेले, सावरले आणि म्हणाले, “बरं झालं. टेकलो असतो तर झोपच लागली असती.” सगळे हसले आणि त्याच क्षणी फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रात आला. वाक्य आधी जसंच्या तसं छापलं गेलं, मग कुणीतरी ते लहान केलं: टेकला तो झोपला. ते शाळांच्या भिंतींवर गेलं, कचेऱ्यांच्या दारांवर गेलं. आधी थोरल्यांच्या कार्यकर्त्यांनी आपल्या खुर्च्यांच्या पाठी काढून घेतल्या. मग मास्तरांनी, मग डॉक्टरांनी. काकांकडे रांग लागली. कित्येक वर्षं त्यांनी नव्या वस्तूंपेक्षा जुन्या खुर्च्यांच्या पाठीच जास्त कापल्या. बसथांब्यावरची बाकं सपाट झाली. नाटकाला लोक तीन अंक ताठ बसू लागले. पोरं एकमेकांना ‘टेक्या’ म्हणून चिडवू लागली, आणि लाच खाणाऱ्याला लोक ‘मागे टेकलेला’ म्हणू लागले. कायदा कधीच झाला नाही. गरजच पडली नाही.

खरं काय ते काकांनी लपवलं नव्हतं. फोटोला पंचवीस वर्षं झाली तेव्हा भर सभेत त्यांनी सांगितलं, की खुर्ची अर्धवट होती, सरस वाळत होता, बाकी काही नाही. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी पाठ्यपुस्तकात धडा आला, आणि त्यात ‘अपूर्णातच पूर्ण पाहणारी थोरल्यांची दृष्टी’ असं वाक्य होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी फक्त बायकोला सांगितली. थोरले शेवटच्या आजारात होते तेव्हा काकांना त्यांच्या घरी बोलावणं आलं. आतल्या खोलीत एक आरामखुर्ची होती, तिची वीण सैल झाली होती. काकांनी ती घट्ट करून दिली. निघताना थोरले म्हणाले, “दार ओढून घे. आणि बाहेर बोलू नकोस, बाबा. मलाही आता सांगता येत नाही.”

काका-काकू कारखान्यामागच्या खोलीत राहतात. मध्ये फक्त पडदा आहे. दोन्ही जागा थोरल्यांच्या नावाच्या संस्थेने काकांना हयातभर वापरायला दिल्या आहेत. पाठ कापणाऱ्या हातांना, असं त्या वेळी भाषणात म्हटलं होतं.

गेल्या वर्षी काकूंचा मणका सरकला. डॉक्टरांनी कागदावर गोळ्या लिहून दिल्या, आणि दवाखान्याचं दार लोटून घेऊन तोंडी सांगितलं, “बसायचं तर कमरेला आधार हवा. नाहीतर मग पडूनच राहावं लागेल.” हे सांगताना ते स्वतः स्टुलावर बसले होते.

भिंतीला टेकून झालं, पण भिंत खांद्यांना लागते, कमरेला लागत नाही. उशा घसरत. काकूंना खिडकीशी बसून रस्ता बघायची जन्माची सवय. दोन महिने त्यांनी छत बघितलं. मग काकांनी खुर्ची करायला घेतली. पन्नास वर्षांत पाठ केली नव्हती, म्हणून दोन पट्ट्या वाया गेल्या. तिसरी वाफेवर नीट वाकली. बरोबर कमरेच्या जागी तिला पोट आलं.

काकू पहिल्यांदा बसल्या तेव्हा पाठीपासून चार बोटं पुढेच राहिल्या.

“टेक की,” काका म्हणाले.

“अहो, मागे पडल्यासारखं होतंय.”

“मी धरलीय.”

“तुम्ही धरलीय म्हणूनच भीती वाटते.”

तिसऱ्या दिवशी त्या टेकल्या. दुपारी काका आत डोकावले तर खिडकीशी बसल्या बसल्या त्यांना झोप लागली होती.

महिनाभर हे सुरळीत चाललं. कुणी आलं की पडदा ओढायचा, एवढंच. एके सकाळी खुर्ची डुगडुगायला लागली, म्हणून काकांनी ती कारखान्यात आणली आणि उलटी करून पाय तासायला घेतला. काकू आत पडून होत्या. तेवढ्यात संस्थेचे सचिव फोटोवाल्याला घेऊन दारात उभे राहिले. फोटोला पन्नास वर्षं होत होती आणि समारंभाची तयारी चालली होती.

सचिवांनी खुर्ची सुलटी केली आणि तिच्याकडे बघत राहिले. “काका, अजून असली कामं येतात?”

“येतात कधीमधी.”

“कुणाची आहे?”

“गिऱ्हाइकाची,” काका म्हणाले. “पाठ काढायला आलीय.”

“लाकूड तर नवं दिसतंय.”

“घासून काढलंय ना.”

“मग काढा की आत्ताच. फोटोवाला आलाच आहे. तेच हात, तीच जागा. सभागृहात मोठा करून लावू.”

“करवतीला धार नाही.”

फोटोवाला उत्साही माणूस. तो टेबलाकडे गेला, करवत उचलून तिच्या दातांवर अंगठा फिरवला. “ही तर चांगली लागतेय हो.” काका रोज सकाळी धार लावतात.

पडद्याआडून काकूंचा आवाज आला, “अहो, चहा ठेवते. थांबायला सांगा त्यांना.”

“चहा नको, काकू,” सचिव म्हणाले. “काम होऊ द्या.”

काकांनी पाठ कापली. थोडं वेडंवाकडं, थोडं वर कापलं असतं तर पुन्हा जोडता आली असती. पण हाताला सवय बैठकीलगत कापायची, हात तसाच चालला. कापल्यावर त्यांनी कडा पॉलिश पेपरने घासल्यासुद्धा. फोटो छान आले.

“ही आम्ही नेतो,” सचिवांनी पाठ बगलेत धरली. “प्रदर्शनात ठेवू.”

“गिऱ्हाईक मागेल.”

“काढलेली पाठ कोण परत मागतो, काका?”

ते गेल्यावर काका आत आले. काकू अर्ध्या उठून बसल्या होत्या, दोन्ही हात मागे टेकवून.

“नेली?”

“नेली.”

“गिऱ्हाईक काय म्हणेल आता?”

“गिऱ्हाईक गरीब आहे,” काका म्हणाले. “काही म्हणायचं नाही.”

“दुसरी करा ना.”

“करेन. पण आता समारंभापर्यंत रोज कुणी ना कुणी येणार. लपवायची कुठे?”

समारंभाला काकूंना पहिल्या रांगेत मानाची जागा होती. म्हणजे स्टूल. समोर मंचाच्या बाजूला काचेच्या पेटीत त्यांची पाठ उभी केली होती, खाली पाटी: ‘शेवटची पाठ’. काका हकिकत सांगायला उठले. “खुर्ची अर्धवट होती,” ते म्हणाले, आणि पुढचं बोलायच्या आतच मागे बसलेल्या शाळेच्या मुलांनी एका सुरात वाक्य पूर्ण केलं, “सरस वाळत होता.” धडा सगळ्यांना पाठ होता. काका राहिलेलं सांगून खाली उतरले.

कार्यक्रम लांबला. काकूंचा चेहरा पांढरा पडत गेला. उठायची वेळ आली तेव्हा लोकांनी पेटीला गराडा घातला होता. एका बाईने विचारलं, “ही मधली पट्टी अशी फुगीर का हो?”

“जुन्या काळची कलाकुसर,” सचिव म्हणाले.

“तिथे कंबर येते,” काकू म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. सचिव हसले. “काकूंना बरं माहीत?”

“मी सांगितलंय तिला,” काका पटकन म्हणाले. त्यांनी काकूंच्या कमरेमागे हात घातला आणि त्यांना दाराकडे न्यायला लागले. काकूंनी सगळा भार त्या हातावर टाकला होता.

दारात फोटोवाल्याने दोघांना अडवलं. जोडीचा एक फोटो राहिला होता. त्याने कॅमेऱ्यातून बघितलं आणि मान हलवली.

“काका, तेवढा हात काढा. काकू टेकल्यासारख्या दिसताहेत.”

काकांनी हात काढला.