उभ्या नवरात्रात आई बसली

देवावर माणसाने रागावू नये म्हणतात. मी रागावले होते, आणि आजही त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. राग यावा असंच त्याने केलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीला नर्सिंग शिकून मी इंग्लंडमधल्या एका इस्पितळात नोकरीला गेले होते. आई आणि थोरला भाऊ दादा गावी, म्हसवडला. आमच्या सिद्धनाथाचं नवरात्र दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं, ते तुळशीच्या लग्नापर्यंत. ज्याने ते धरलं तो तेवढे बारा दिवस बसत नाही. जेवण उभ्याने, आणि डुलकी लागलीच तर भिंतीला टेकून. मी निघाले तेव्हा आईने परस्पर नवस बोलून टाकला, लेक परमुलखात आहे तोवर दरसाल उभी राहीन. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर दादाचं पत्र आलं. आईच्या पायाच्या शिरा फुगून घोट्यावर जखम झाली होती, ती भरत नव्हती. सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पाय उंच ठेवून पडून राहा, नाहीतर पाय गमवाल. आणि पुढे दादाने लिहिलं होतं, "आई ऐकत न्हाई. तुझ्यासाठी उभी ऱ्हानारच म्हणती. गावात लय नाव घेत्यात तिचं."

नाव घेत्यात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असल्या जखमा मी रोज वॉर्डात धूत होते, त्या पुढे कुठवर जातात ते रोज बघत होते. नाव घेणाऱ्यांपैकी एक तरी तिच्या पायाला पट्टी बांधायला येणार होता का? आणि हे सगळं माझ्या नावावर! पोरगी दूर गेली म्हणून आईने पाय द्यायचा, हा कुठला हिशेब? मी दादाला तार केली, आईला बसव. त्याचं उत्तर आलं, बसत नाही.

त्यातच वॉर्डातली सिस्टर, म्हणजे आम्हा नर्सेसवरची मुख्य बाई. एक म्हातारी बाई घाबरून रडत होती, म्हणून तिचा हात धरून मी तिच्या खाटेच्या कडेला जरा टेकले, तर सिस्टरने सगळ्यांसमोर मला उठवलं. नर्सने बसायचं नसतं म्हणे. दिवसभर उभं राहून टाचा भरून आल्या होत्या. खोलीवर आले आणि कपाटावरच्या सिद्धनाथाच्या फोटोपुढे उभी राहून मी मराठीत तोंडाला येईल ते बोलले. "इथंही बायांना उभं करतात आणि तूही करतोस. तुझ्यात आणि त्या सिस्टरमध्ये फरक काय? माझी आई बसेपर्यंत माझ्याकडे बघू नकोस." आणि फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंक कॉल नोंदवला. आमच्या आळीत एका भुसार दुकानदाराकडे फोन होता. आईला तिथे आणून ठेव, अशी दादाला पुन्हा तार केली. तिला काय काय सुनवायचं ते मनात घोकून ठेवलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सेसच्या वसतिगृहाच्या बोळकांडीतला फोन वाजला. खरखरीतून आईचा आवाज आला आणि घोकलेलं सगळं विसरून मी ओरडले, "आई, तू बस! आधी खाली बस!"

"अगं, बसलेच हाय की," आई म्हणाली. "परवाधरनं बसलीया."

मग तिनेच सांगितलं. देवळात उभी असताना शेजारच्या एका म्हातारीने विचारलं, कुणासाठी गं? "म्या म्हनलं, लेकीसाठी. तिकडं आजाऱ्यांचं करती, दिसभर पायावर असती. तर ती म्हनली, मंग तिचं उभं ऱ्हानं नाथाला पोचतंय की. एका घरच्या दोघी कशाला उभ्या करतीस? बस तू. आन् धरून बसवलंच मला. माजा पाय उचलून सोताच्या गठुड्यावर ठेवला बग."

"कोण होती ती?"

"कुनास ठाऊक. पुन्यांदा दिसली न्हाई."

त्या दिवसांत देवळात गावोगावच्या बाया येतात. असेल त्यांतलीच कुणी. डॉक्टरांचं, दादाचं, माझं, कुणाचंही न ऐकणारी माझी आई तिचं मात्र ऐकून बसली, एवढंच मला माहीत आहे. आणि परवा म्हणजे मी फोटो फिरवला तो दिवस. याचा अर्थ मी लावत नाही.

"आता नवरात्र तुज्याकडं हाय," आई म्हणाली. "तुज्या पायातलं पायतान धड हाय का गं? लागत न्हाई न्हवं?" मी रडत होते, नाही म्हणेपर्यंत फोन तुटला.

आईचा पाय वाचला. भरायला पुष्कळ महिने लागले, पण ती तिच्या पायांनी चालत राहिली, यासाठी मी नाथाचे उपकार मरेपर्यंत विसरणार नाही. एवढं मात्र त्याला तोंडावर सांगते, की हे आधी सुचायला हवं होतं. दूरच्या माणसाची काळजी शेवटी कुणाच्या तरी हाती सोपवावीच लागते. मी ती भांडून सोपवली. त्याने घेतली.

त्या सकाळी मी फोटो सरळ केला, हात जोडले आणि वॉर्डात गेले. सिस्टर नेहमीसारखी बघत होती. ती म्हातारी बाई अजून घाबरलेलीच होती. मी तिचा हात धरला आणि तिच्या उशाशी उभी राहिले, आईच्या जागी.