चिंध्यांची पिशवी

माझे काका शिंपी. दुकान बंद केलं, पण हातांना ते कुणी कळवलं नाही. समोरच्याच्या बाहीचा सुटलेला दोरा तोडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. काकू गेल्यापासून तर ते एका जागी टेकेनातच. शेवटी त्यांच्या मुलीनं घरच्या जुन्या कॅसेटींचं खोकं त्यांच्यापुढे आदळलं. "बाबा, हे कॉम्प्युटरवर उतरवा. खराब व्हायला लागल्यात."

शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मी पस्तावले. आजोबांच्या गप्पा, आम्हा पोरांच्या कविता, सगळं काकांनी कापडासारखं बेतलं. भांडं पडलं, काप. दार वाजलं, काप. मध्येच कुणी बोललं, काप. वर मलाच ऐकवायचे, "फिनिशिंग नको का?" काम संपलं तशा कॅसेटी भंगारात देऊन मोकळे झाले.

मुलीनं सगळं ऐकलं आणि फोन केला. "बाबा, आईचा आवाज कुठाय?"

काकांचा चेहराच उतरला. काकू कधी टेपसमोर बसलीच नव्हती. ती बोलायची स्वयंपाकघरातून, दुसऱ्यांच्या मध्ये. काका भंगारवाल्याकडे धावले, पण माल कधीच पुढे गेला होता. घरी येऊन उठले, बसले, पुन्हा उठले. "मीच कापली गं तिला," म्हणाले. मी त्यांच्यावर चांगली भडकले होते, पण हे ऐकून त्यांना पाणी आणून दिलं.

येरझाऱ्या घालता घालता ते शिलाई मशीनपाशी थांबले. मशीनखाली चिंध्यांची पिशवी अजून तशीच होती. उभ्या जन्मात त्यांनी चिंधी फेकली नव्हती. न जाणो, कुणाच्या कोपराला ठिगळ लागायचं.

"अगं, तुकडे आहेत!" ते ओरडलेच. "कापलेलं कोण टाकून देतं?"

कॉम्प्युटरवर खरंच 'चिंध्या' नावाचा फोल्डर निघाला. मी एकेक तुकडा लावत गेले. खोकला. दाराची कडी. घरंगळत गेलेली वाटी. काका माझ्या मागे उभे, खुर्ची दिली तरी बसायला तयार नाहीत.

मग लांबून, भांड्यांच्या आवाजातून काकू बोलली, "अहो, किती वेळ त्या टेपपाशी उभे राहणार? बसा बघू आता."

काका बसले.